पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क घरीच बदलले: सगळ्या नोंदी (नागपूर, मार्च ते मे २०२५)

गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, मीटरवर १ लाख १८ हजार किमी. पुढे डिस्क ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात), मागे ड्रम ब्रेक. मी मेकॅनिक नाही, ऑफिसात बसून काम करणारा माणूस. याआधी घरी ऑइल, फिल्टर आणि एकदा बॅटरी बदललेली, बस. ब्रेकला पहिल्यांदाच हात लावला. जे चुकलं ते तसंच लिहून ठेवलंय, कारण हे काम करायला बसणाऱ्याला त्याचाच उपयोग जास्त होईल.

३१ मार्च, सोमवार

पाडव्याची पूजा आटोपून चिखलदऱ्याला गेलो होतो, आज परत आलो. घाट उतरून परतवाड्याकडे येताना डाव्या चाकातून खर्र खर्र आवाज, ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासतंय असा. दोन आठवडे आधीपासून बारीक शिट्टी वाजत होती, ती मी धुळीची समजून सोडून दिली. ती शिट्टी म्हणजे पॅडला लावलेली पत्ती असते, पॅड संपत आला की ती डिस्कला टेकते आणि वाजते. म्हणजे गाडी पंधरा दिवस सांगून राहिली होती आणि मी तसाच लेकराबाळांना घेऊन घाटात गेलो. हे मनाला फार लागलं.

परतवाड्यापासून नागपूरपर्यंत पन्नासच्या वर गेलो नाही, इंजिन ब्रेकिंगवरच आणली.

२ एप्रिल, बुधवार

घराजवळच्या एका गॅरेजला दाखवली. चाक न काढता सांगितलं, पॅड आणि डिस्क दोन्ही टाका, ९,८०० रुपये. डिस्क टर्निंग (लेथवर घासून सपाट) करून चालेल का विचारलं तर म्हणे चालेल, मग ४,५०० मध्ये करून देतो. बघितल्याशिवाय दोन्ही उत्तरं हो कशी असतील? हेच पॅड चौदा महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी टाकले होते आणि तेव्हापासून गाडी १६ हजारसुद्धा चालली नाही. एवढ्यात संपले का, हे मला कोणी सांगत नव्हतं. म्हणून ठरवलं, आधी स्वतः उघडून बघायचं.

५ एप्रिल, शनिवार (सकाळी ६ ते ८)

आमच्या पार्किंगमध्ये गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवलेले आहेत. जॅक सरळ गट्टूवर ठेवला तर एक गट्टू दबला आणि जॅक तिरपा झाला. खाली उतरवून दीड इंची जाड फळी टाकली, मग चढवली. मागच्या चाकांना विटा लावल्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात घालू नका, मी गाडी टेकवून ठेवायच्या स्टँडची जोडी विकत आणली, १,७०० रुपये, हा खर्च टाळण्यासारखा नाही.

व्हील नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करून घ्या, वर चढवल्यावर चाक फिरतं आणि गाडी हलते.

डावं चाक काढलं. आतला पॅड पूर्ण संपलेला, लोखंडी पाटी डिस्कला घासत होती. बाहेरचा पॅड मात्र पाच मिमी शिल्लक! उजवीकडे आत चार, बाहेर साडेचार. म्हणजे चारपैकी तीन पॅड अजून चालले असते, एकानेच दगा दिला. हा फरक का, हे शोधायलाच पुढचे बरेच तास गेले, आणि खरं काम तेच होतं.

डिस्क मोजताना एक मोठी चूक होता होता राहिली. व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला, १९.८ मिमी आलं. डिस्कच्या मधल्या भागावर कमीत कमी जाडी कोरलेली असते, माझ्या डिस्कवर १८. म्हटलं डिस्क तर मस्त आहे. तेवढ्यात समोरचे काका आले. हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले आहेत. त्यांनी डिस्कच्या कडेवरून माझं बोट फिरवलं. कडेला न घासलेला काठ उभा होता, नखाला अडकेल एवढा. "बाबू, तू काठ मोजून राहिला. पॅड जिथं घासते तिथं मोज ना."

व्हर्नियरचे जबडे काठावरून आत जात नव्हते. काकांनी खिशातून एक रुपयाची दोन नाणी काढली, एक डिस्कच्या आतल्या बाजूला, एक बाहेरच्या, दोन्ही घासलेल्या भागात धरली आणि त्यावरून व्हर्नियर लावायला सांगितला. २०.५ आलं. मग दोन नाणी एकत्र मोजली, २.९. वजा करून १७.६. म्हणजे डिस्क मर्यादेच्या खाली गेलेली, टर्निंगचा प्रश्नच नाही. टर्निंगने डिस्क अजून पातळ होते, आणि पातळ डिस्क लवकर तापते. साडेचार हजारात टर्निंग करून घेतली असती तर काय झालं असतं, विचार करूनच कसंतरी झालं.

उजवी डिस्क १८.३. ती एकटी ठेवता आली असती पण डिस्क आणि पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदलायचे, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

जुनंच सामान परत लावून चाक चढवलं. गाडी आता बंद.

७ एप्रिल, सोमवार

काल रामनवमी. पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेमुळे त्या बाजूचे रस्ते बंद, त्यामुळे खरेदी आज ऑफिस सुटल्यावर. घाट रोडच्या एका दुकानातून घेतलं: पॅडचा सेट १,४५०, डिस्क १,८०० ची एक अशा दोन, ब्रेक क्लीनरचे दोन डबे ५६०, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस १८०, ब्रेक ऑइलची बाटली १९०.

दुकानदाराला गाडीचं नाव आणि वर्ष सांगितलं, त्यानं डबा दिला, मी घेतला. डबा उघडून बघितला नाही. याची किंमत शनिवारी मोजली.

१२ एप्रिल, शनिवार (सकाळी साडेपाच ते साडेनऊ, मग दुपारी दुकान, मग संध्याकाळी दोन तास)

एप्रिलमध्ये नागपुरात गाडीवर काम करायचं तर पहाटेच. साडेनऊनंतर पाना उन्हात राहिला तर हातात धरवत नाही.

डावी बाजू आधी. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून ठेवलं म्हणजे कॅलिपरच्या (पॅडना डिस्कवर दाबणारा भाग) मागचे बोल्ट समोर येतात. खालचा बोल्ट लगेच सुटला, वरचा नाही. कॅलिपरचा बोल्ट फिरवताना त्याच्यासोबत पिनही फिरते, तिला दुसऱ्या पातळ पान्याने धरावं लागतं. हे कळायला पंधरा मिनिटं गेली. कॅलिपर निघाला आणि मी तो ब्रेक ऑइलच्या होजवर (रबरी नळीवर) लटकता ठेवून फोटो काढायला लागलो. काका ओरडलेच. कॅलिपर चांगला जड असतो, त्याच्या वजनाने रबरी होज आतून चिरला तर बाहेरून दिसतही नाही. तारेने स्प्रिंगला बांधला.

नवीन पॅड काढले. कानच वेगळे! जुन्या पॅडचे कान चौकोनी, नव्याचे खालून निमुळते, ब्रॅकेटच्या (कॅलिपर आणि पॅड ज्यात बसतात तो लोखंडी भाग) खाचेत बसेनात. आमच्या मॉडेलमध्ये दोन प्रकारचे कॅलिपर आलेले आहेत आणि वर्षावरून ते ओळखता येत नाहीत. दुपारी जुना पॅड पिशवीत घालून आणि आरसी बुकातल्या चेसिस नंबरचा फोटो घेऊन परत घाट रोडला. दुकानदार भला माणूस, डबा उघडलेला असूनही बदलून दिला. पण जाणं-येणं आणि तिथली गर्दी धरून अडीच तास गेले. तुम्ही पहिल्याच वेळी जुना पॅड सोबत न्या, काउंटरवरच एकावर एक ठेवून बघा.

संध्याकाळी डिस्क काढायला घेतली. ब्रॅकेटचे दोन बोल्ट फार घट्ट, गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबलो, टॉमीवर तीन फुटी पाइप घातला तेव्हा कडक आवाज करून सुटले. डिस्क हबला (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) चिकटलेली. वीस मिनिटं लाकडी गुटका ठेवून हातोडा मारला, हलली नाही. मारताना भीती हीच की धक्का बेअरिंगला बसतोय. मग डिस्कच्या मधल्या भागात आटे पाडलेली दोन भोकं दिसली. ती त्यासाठीच असतात. ८ मिमीचे, १.२५ पिचचे दोन बोल्ट घातले आणि अर्धा अर्धा आटा आलटून पालटून आवळत गेलो, तिसऱ्या फेरीत डिस्क टक्क करून सुटली. दोन मिनिटांचं काम. हातोडा आधी उचलूच नका, आधी ती भोकं शोधा.

आता मूळ दुखणं. ब्रॅकेटमध्ये दोन पिना असतात, त्यांच्यावर कॅलिपर आत-बाहेर सरकतो. वरची पिन बोटाने सरकत होती. खालची जाम. अजिबात नाही. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो, आणि त्याच जोराने कॅलिपर सरकून बाहेरच्या पॅडला ओढतो, असं ते चालतं. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, सगळा भार आतल्या पॅडवर, आणि पाय काढल्यावरही तो पॅड डिस्कला चिकटून राहतो. घाटात तर विचारूच नका. सोळा हजारात पॅड का संपला, याचं उत्तर ही एक पिन.

ब्रॅकेट काकांच्या शिकंजात धरला, पिनला पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे, थोडं पुढे, असं फिरवत तासाभराने ओढून काढली. टोकाला जे छोटं रबरी बुश असतं ते फुगून मऊ झालेलं, बोटाने दाबलं तर पिठाच्या गोळीसारखं दबलं. पिनवर पिवळं ग्रीस, चाकाच्या बेअरिंगला वापरतात तसलं. काका म्हणाले, "हे कोणी भरलं? पेट्रोलियमचं ग्रीस ह्या रबराले चालत नाही, फुगते ते." म्हणजे चौदा महिन्यांपूर्वी ज्यांनी पॅड टाकले त्यांनी पिनला ग्रीस दिलं खरं, पण चुकीचं दिलं. अजिबात दिलं नसतं तरी एवढं लवकर जाम झालं नसतं असं काकांचं मत, आणि मला ते पटलं. पिनेला सिलिकॉनचं किंवा डब्यावर ब्रेकसाठी असं लिहिलेलंच ग्रीस लावा. माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, पॅड कोणाकडूनही बदला, पण समोर उभं राहून चारही पिना बाहेर काढून दाखवायला सांगा.

नवीन पिन, बुश आणि रबर बूटची किट पाहिजे. रात्र झाली. उद्या रविवार, परवा १४ एप्रिल, दुकानं बंद. गाडी डाव्या बाजूने स्टँडवरच राहिली. खबरदारी म्हणून काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवलं आणि लेकरांना सांगून ठेवलं, त्या बाजूला फिरकायचं नाही.

१३ एप्रिल, रविवार (सकाळी ६ ते ९)

उजवी बाजू. कालचं सगळं शिकल्यामुळे खूप भराभर झालं. पिना दोन्ही सरकत होत्या, पण ग्रीस तेच पिवळं. पुसून, ब्रेक क्लीनरने धुऊन, बुश सध्या बरं होतं म्हणून तात्पुरतं तेच ठेवून सिलिकॉन ग्रीस लावलं. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नका, छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसली आणि फडकं फेकून दिलं.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो क्लीनरने दोन्ही बाजूंनी धुतला. पिस्टन जुना पॅड मध्ये ठेवून जी-क्लॅम्पने हळू हळू आत ढकलला. पॅडच्या क्लिप बदलल्या (२२० चा सेट).

एक गोष्ट घाईत झाली. हबच्या तोंडावरचा गंज वायर ब्रशने साफ करायचा असतो, म्हणजे डिस्क सपाट बसते. मी ब्रश मारला, पण स्टडच्या (व्हील नट ज्यांवर बसतात त्या आटेवाल्या दांड्या) मधल्या जागी ब्रश नीट पोचत नव्हता, ऊन वर आलं होतं, मी तसंच पुढे गेलो. चाक लावायच्या आधी हाताने डिस्क फिरवली तर एका जागी शूं असा आवाज, मग शांत, मग परत शूं. नवीन आहे, बसेल, असं म्हणून चाक चढवलं. तो आवाज ऐकून मी थांबायला पाहिजे होतं.

१५ एप्रिल, मंगळवार (संध्याकाळी साडेसात ते दहा)

सकाळी सुभाषनगरहून मेट्रोने सीताबर्डीला ऑफिस, सुटल्यावर घाट रोड. दोन्ही बाजूंच्या पिन किट, २४० ची एक. घरी येऊन बॅटरीच्या उजेडात डावी बाजू. यावेळी काका सोबत होते म्हणून हब चांगला दहा मिनिटं घासला.

पिस्टन दाबताना बोनेटकडे लक्ष नव्हतं. ब्रेक ऑइलची टाकी भरून वाहिली, खालच्या रंगावर ओघळ आला. झालं असं, पॅड झिजत गेले की पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतली पातळी आपोआप खाली जाते. कुठल्यातरी सर्व्हिसमध्ये कोणीतरी ती वरपर्यंत भरून दिलेली. आता दोन्ही पिस्टन मागे गेल्यावर ते ऑइल जाणार कुठे? ब्रेक ऑइल रंग खातं. लगेच मगभर पाणी ओतून धुतलं, तरी रुपयाएवढा फिका डाग राहिला. आधी टाकीचं झाकण उघडून बिनसुईच्या सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्या, मगच पिस्टन दाबा. आणि काढलेलं परत टाकीत टाकू नका.

पॅड लावताना शिट्टीची पत्ती असलेला पॅड जुना होता त्याच बाजूला, माझ्या गाडीत आत. व्हील नट टॉर्क पान्याने ८५ न्यूटन-मीटर, माझ्या मॅन्युअलमध्ये तेवढं आहे, तुमचं तुम्ही बघा. कॅलिपरच्या बोल्टचा आकडा वेगळा आणि बराच कमी असतो, अंदाजाने आवळू नका.

आणि हे विसरू नका. गाडी सुरू करायच्या आधी ब्रेकचं पेडल दाबत राहा. पहिल्यांदा माझं पेडल सरळ तळाला गेलं, काहीच अडवलं नाही. आठ-दहा वेळा दाबल्यावर पिस्टन पॅडला येऊन टेकले आणि पेडल कडक झालं. हे न करता गेट बाहेर काढली असती तर समोरच्या भिंतीवर गेली असती.

१६ एप्रिल, बुधवार (पहाटे)

पावणेसहाला हिंगण्याच्या बाजूने आउटर रिंग रोड, रस्ता रिकामा. नवे पॅड नव्या डिस्कवर नीट बसावेत म्हणून, मागे कोणी नाही बघून, ब्रेक लावून साठवरून पंधरावर, पूर्ण न थांबता, असं दहा वेळा, मध्ये अर्धा-पाऊण मिनिट गाडी चालती ठेवून. नंतर दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड केली. गरम पॅड एका जागी दाबून उभं राहायचं नाही, डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो.

ब्रेक जोरदार, सरळ. पण साठवरून हलका ब्रेक लावला की पेडलमध्ये बारीक धकधक, तळपायाला कळेल एवढीच. रविवारचा शूं आवाज आठवला.

१८ एप्रिल, शुक्रवार (गुड फ्रायडेची सुट्टी, सकाळी ६ ते ८)

हिंगणा एमआयडीसीत टूल रूमला असणाऱ्या मित्राने डिस्क फिरताना किती डोलते ते मोजायला मॅग्नेटवाला डायल गेज दिला. उजवी डिस्क सगळे नट वॉशर घालून आवळली, गेजचं टोक कडेपासून सेंटिमीटरभर आत टेकवलं, हळूच एक फेरा. ०.१७ मिमी डोलत होती. मर्यादा ०.१० ची. काका म्हणाले आत्ता फक्त पायाला कळतंय, अशीच चालवली तर पाच-सहा हजार किमीत डिस्क एका जागी जास्त झिजेल आणि स्टिअरिंग हलायला लागेल.

डिस्क काढली. एका स्टडच्या बाजूला, जिथं ब्रश पोचला नव्हता तिथंच, गंजाची पापडी. कांद्याच्या सालीएवढी पातळ, करंगळीच्या नखाएवढी. आणि नव्या डिस्कच्या आतल्या तोंडावर बरोबर त्याच जागी चकचकीत दाबलेली खूण. एवढ्याशा गोष्टीने ही धकधक. छन्नीच्या कोपऱ्याने ती खरवडली, प्रत्येक स्टडभोवती एमरी पेपर बोटाने फिरवला, क्लीनर मारला, हात फिरवून बघितला. परत गेज, ०.०४. उजवीकडच्या पिना आणि बुशही याच वेळी नवीन टाकले.

चाचणीला तोच रस्ता. धकधक गेली.

२० एप्रिल, रविवार: हिशोब

सामान: पॅड १,४५०, डिस्क ३,६००, पिन किट ४८०, क्लिप २२०, क्लीनर ५६०, ग्रीस १८०, ब्रेक ऑइल १९०, ब्रश आणि एमरी ९०. एकूण ६,७७०.

अवजारं: स्टँड १,७००, जी-क्लॅम्प ३५०. टॉर्क पाना आणि शिकंजा काकांचा, गेज मित्राचा. एकूण ८,८२०.

गॅरेजच्या ९,८०० पुढे पैसे फार वाचले नाहीत, हजाराच्या आसपास. वेळ साडेपंधरा तास, दुकानाच्या तीन चकरा वेगळ्या. पण गॅरेजच्या त्या आकड्यात पिना नव्हत्याच, म्हणजे नवीन पॅड टाकून जाम पिन तशीच राहिली असती आणि पुढच्या उन्हाळ्यात मी परत तिथेच उभा असतो.

१८ मे, रविवार

१,१०० किमी झाले. दोन्ही चाकं काढून परत मोजलं. डावीकडे आत ९.६, बाहेर ९.७. उजवीकडे दोन्ही ९.६. पिना बोटाने सरकतात. गावात चालवून आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात नेला तर ऊब सारखीच, आधी डावं चाक नेहमी जास्त गरम असायचं आणि मी ते उन्हाचं समजायचो. काकांनी स्वतः खाली वाकून डावी खालची पिन आत-बाहेर करून बघितली आणि म्हणाले, "हाओ, आता ने चिखलदऱ्याले."

ब्रेक ऑइल सगळं बदलणं बाकी आहे, ते हवेतला ओलावा धरतं आणि दोन वर्षांनी बदलायचं असतं, माझं कधी बदललं याची नोंदच नाही. पावसाळ्याच्या आधी करणार, त्यासाठी नवीन बाटली आणीन, एप्रिलमध्ये सील तोडलेली वापरणार नाही.